देवाच्या वाटणीचं काम

बार्शीत आमच्या आळीतल्या विठ्ठलाच्या देवळात गेली अकरा वर्षं मी दर एकादशीला प्रवचन करतो. बँकेतून निवृत्त झालो, शर्ट-पँटींची घडी करून ट्रंकेत टाकली, धोतर नेसलो, कपाळाला बुक्का लावला. आणि कालपर्यंत 'साहेब, तेवढं कर्जाचं बघा' म्हणणारी माणसं 'महाराज, उद्या किती वाजता?' असं विचारू लागली. पहिलं वर्षभर संकोच वाटला. पुढे कुणी नुसतं 'काका' म्हटलं की खटकू लागलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

माझ्यासमोर बसणाऱ्यांत चारांतल्या तीन बायका. त्यामुळे विषयही मी गिऱ्हाईक बघून निवडला होता: घरकामातला देव. जनाबाईचं दळण, सावतोबांचा मळा, गोरोबाकाकांची माती. देव शोधायला कुठं जाऊ नका, तो तुमच्या केरसुणीत आहे, कढईत आहे, नातवाच्या लंगोटात आहे. जोडीला विनोबा. त्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली की कर्माचं ओझं उतरतं, हा त्यातला विचार मी पोळीवर तूप सोडावं तसा सोडायचो. त्याच विनोबांनी पुढे पवनारजवळच्या सुरगावात रोज जाऊन स्वतः मैला उचलला, हेही मला ठाऊक होतं. ते मी कधी सांगितलं नाही. विषयात बसत नव्हतं.

बायका डोळे पुसायच्या. दुसऱ्या रांगेत खांबाला टेकून एक आजी बसायच्या. माझं प्रवचन सुरू झालं की पाच मिनिटांत त्यांचे डोळे मिटायचे आणि चेहरा असा शांत व्हायचा, की मी मनातल्या मनात त्याला समाधी म्हणायचो. इतरांनाही एकदा मी ती समाधी हात करून दाखवली होती.

आणि हे सगळं सांगणाऱ्या माणसाने वयाच्या सत्तरीपर्यंत स्वतःच्या जेवलेल्या ताटाखालची जागासुद्धा कधी पुसली नव्हती.

आमची ही पहिली दोन वर्षं प्रवचनाला आली, नंतर येईनाशी झाली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "तुम्ही तिकडे सांगताय, मी इकडे करतेय. दोन्हीकडे मीच कशाला हजर पाहिजे?" मला ते बोलणं अश्रद्ध वाटलं होतं.

बार्शी हे द्वादशीचं गाव. इथल्या भगवंताच्या देवळामागे अंबरीष राजाची कथा आहे. राजाचं एकादशीचं व्रत, द्वादशीला पारणं, नेमका त्याच वेळी दुर्वास ऋषी पाहुणा म्हणून येतो, नदीवर स्नानाला जातो आणि लवकर परतत नाही. पारण्याची वेळ टळायला आलेली. राजा नुसतं तीर्थ घेतो, ऋषी भडकतो आणि भगवंत भक्तासाठी धावून येतो. ही कथा मी किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. त्या द्वादशीला राजाच्या घरी चुलीपुढे कोण होतं, ऋषी येईपर्यंत किती वेळा अन्न गरम करावं लागलं, हा प्रश्न मला सुचलाच नाही. माझ्या घरी एकादशीचा उपवास मी करायचो, आणि बारस सोडायला वरण-भात, भाजी, भाकरी, काहीतरी गोड असा सगळा स्वयंपाक पहाटे चारला उठून ती करायची. एकादशी तिलाही असायची. तिच्या उपवासाचं पारणं कधी व्हायचं, मला माहीत नाही. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत असायचो.

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या अशाच एका द्वादशीला पहाटे मी देवघरात विष्णुसहस्रनाम म्हणत होतो. मागच्या दारी धप्पकन आवाज झाला आणि पाठोपाठ कळशी गडगडत गेल्याचा. मी ऐकला. नक्की ऐकला. शेवटची वीस-पंचवीस नावं उरली होती. कळशी पडली असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि ती नावं पूर्ण केली. फलश्रुती घाईत म्हटली, एवढीच काय ती माझी धावपळ. मग उठून गेलो, तर ही न्हाणीच्या दगडावर बसून उजवा हात डाव्या हातात धरून होती. तिने मला हाक मारली नव्हती. का नाही मारली म्हणून नंतर विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुमचं चाललं होतं ना."

मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. प्लास्टर, सहा आठवडे.

आता गोरोबाकाकांकडे येतो. त्यांचं तेर आमच्यापासून लांब नाही. तेरणेच्या काठी समाधी आहे, मी अनेकदा जाऊन आलोय. गोष्ट महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बायको लेकराला नवऱ्याच्या हवाली करून पाण्याला जाते, गोरोबा नामाच्या नादात चिखल तुडवत राहतात आणि रांगत आलेलं लेकरू त्या चिखलात तुडवलं जातं. मी हे सांगताना आवाज चढवायचो. तल्लीनतेची ही केवढी उंची, म्हणायचो. शेवटी पंढरपुरात देव लेकरू परत देतो, तिथं माझा गळा दाटून यायचा आणि सभामंडपातही पदर डोळ्यांना लागायचे. सुरुवातीच्या काळात हिने एकदा मला विचारलं होतं, "संती पाणी आणायला गेली होती ना? लेकरावर नजर ठेवा, एवढंच सांगितलं होतं ना तिने?" मी म्हणालो होतो, भक्तीच्या राज्यात चूक-बरोबर नसतं.

त्या द्वादशीनंतर मला ती कथा सांगता आलेली नाही. गोरोबांविषयी माझी श्रद्धा कमी झाली असं नाही. उलट आता वाटतं, ही कथा ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली त्यांना तिच्यातली भीती ठाऊक होती. नाम घेता घेता माणूस काय तुडवू शकतो, हे त्यांना दाखवायचं असेल. मी त्या भीतीवर साखर पेरत होतो. गोरोबांना निदान आवाज ऐकू गेला नव्हता. मला गेला होता.

लेक पुण्याहून आली, चार दिवस राहिली आणि रजा संपली म्हणून गेली. भांड्यांना येणाऱ्या मावशींच्या सुनेचं बाळंतपण निघालं. मग स्वयंपाकघरात मी.

इथं मी बराच वेळ काढू शकतो, पण करपलेल्या भाजीचे विनोद मासिकांत भरपूर छापून आलेत. एवढंच सांगतो की मला आमच्या घरातली हळद कुठल्या डब्यात असते ते माहीत नव्हतं. भाकरीचं मात्र सांगायलाच हवं. भाकरी हा आमच्या भागाचा प्राण. सत्तर वर्षं मी 'आज जरा जाड झालीय' असं ताटावर बसून म्हणत आलो. पहिल्या दिवशी उंडा परातीत थापायला घेतला तर कडा फाटून बदामाचा आकार झाला. ही खुर्चीवर बसून म्हणाली, "पिठाची विरी गेलीय, जुनं आहे. उकळतं पाणी घाला." उकळतं पाणी घातलं, हात भाजला. मळताना दोन्ही तळवे असे लागले, की रात्री माळ ओढताना बोटं दुखत होती. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, मग तवा काढून जाळावर. पापुद्रा सुटला तर सुटला. माझा चौथ्या आठवड्यात एकदा सुटला. त्या फुगलेल्या भाकरीकडे बघून मला जो आनंद झाला, तो बँकेत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. त्यात देव होता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात मी होतो. 'बघ, बघ' म्हणून तिला तीनदा दाखवली.

कामात देव दिसेल म्हणून मी पहिले पंधरा दिवस जाणीवपूर्वक वाट बघितली. भांडी घासताना नामस्मरण करायचं, हे मीच शेकडो बायकांना सांगितलेलं. मी सुरुवात करायचो आणि दुधाच्या पातेल्याच्या बुडाशी आलो की नाम बंद पडून तोंडात भलतंच यायचं. खरकटं, तेलकट झारा, मोरीत अडकलेला भात. दुपारी अडीचला ओटा पुसून टेकावं तर चारच्या चहाची वेळ. एका संध्याकाळी सहज हिशेब केला. हिशेब ही माझी जुनी खोड. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली होती, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं तेव्हा त्यात जात होती, पुरुषांची ९७. तेही शंभरातले फक्त २६ पुरुष असं काही करत होते, बायकांत ८१. २९९ मिनिटं म्हणजे पाच तास धरा. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. ऐंशी हजार तास होतात. सणवार, आजारपणं, माझ्या आईची शेवटची तीन वर्षं मी यात धरलेलीच नाहीत. मी त्या २६तही नव्हतो आणि वर उभा राहून उरलेल्यांना व्याजाचा दर समजावत होतो.

माझं मत बदललं ते इथं नाही. इथं नुसती लाज वाटली, आणि लाज आठवड्याभरात जाते, हा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. लेक होती तोवर वेणी घालून द्यायची. ती गेल्यावर हिने डाव्या हाताने केस कसेबसे गुंडाळून क्लिप लावली होती आणि पाच-सहा दिवस तशीच होती. मला काही म्हणाली नाही. एका सकाळी डोकं खाजवत होती, तेव्हा मीच म्हणालो, आण फणी. तिला विश्वास बसेना. मग पाटावर बसली आणि मी मागे स्टुलावर. गुंता भयंकर झाला होता. मी वरून फणी घातली तशी ओरडली, "खालून सोडवत या, वरून ओढू नका." मी खालून सुरुवात केली. बोटांना तेल लावलं. केस किती विरळ झालेत ते बघितलं. उजव्या कानामागे केसांखाली दोन बोटं लांब व्रण लागला. "हे काय आहे?" म्हटलं. "विहिरीवर रहाटाचा दांडा लागला होता. नववीत होते." चव्वेचाळीस वर्षांत मी तो पाहिला नव्हता.

जनाबाईच्या गोष्टीत विठ्ठल तिची वेणी घालतो, डोक्यातल्या उवा काढतो. हा प्रसंग मी हसवायला ठेवलेला असे. दळणाचं गंभीर झालं की पाच मिनिटं हलकं करायला: बघा, चौदा भुवनांचा राजा उवा मारतोय! मंडळी हसायची. त्या सकाळी माझ्या हातात फणी होती आणि माझ्या ध्यानात आलं, की ही गोष्ट मी अकरा वर्षं उलटी सांगितली. मी सांगत होतो, दळता दळता जनीला देव दिसला, म्हणून तुम्हीही दळा. पण जनीला दळताना देव नुसता दिसायचा असता तर त्याला राऊळ सोडून येण्याचं काही कारण नव्हतं. तो येतो, खाली बसतो, खुंट्याला हात घालतो. जातं एकटीने ओढणं किती जड असतं, हे मी लहानपणी बघितलंय. माझी आई आणि चुलती समोरासमोर बसून दळायच्या, आणि चुलती माहेरी गेली की आईच्या ओव्यांचा आवाज वेगळा यायचा. गंगाखेडहून पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून आलेल्या त्या मुलीच्या समोरची जागा रिकामी होती. देव त्या जागेवर बसला. त्या घरात इतकी माणसं होती, साक्षात नामदेव होते. ते त्या जागेवर का बसले नाहीत, हे विचारायचं मलाही धाडस होत नाही, पण प्रश्न पडतो.

एकदा हे दिसल्यावर बाकीच्या कथाही तशाच दिसू लागल्या. पैठणला एकनाथांच्या वाड्यात देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं रांजणात पाणी भरतो. तो रांजण नाथषष्ठीच्या वेळी आजही लोक भरतात. भंडारा डोंगर चढताना तुकोबांच्या बायकोच्या, आवलीच्या पायात काटा मोडतो आणि विठ्ठल तो काढतो. तिच्या, तुकोबांच्या नाही. ती भाकरी घेऊन चढत होती आणि विठ्ठलाच्या नावाने बोटं मोडत होती. माझ्या प्रवचनात आवली नेहमी विनोदासाठी यायची, कजाग बायको म्हणून. आणि मुळात पुंडलिक. आईबापाचे पाय चेपणारा एक मुलगा, हातातलं काम न सोडता दारात आलेल्या देवाला वीट भिरकावतो. आमचं सगळं पंढरपूर त्या विटेवर उभं आहे, आणि मी सहस्रनाम संपवूनच मागच्या दारी गेलो.

माझ्या परंपरेने मला कधी सांगितलंच नव्हतं, की कामाला देव म्हणा आणि ते दुसऱ्याला करू द्या. तिने सांगितलं होतं, देव असता तर तो काय करत असता. तो उठला असता.

गोष्टीचा पुढचा भागही मी गाळायचो. दळून झाल्यावर देव घाईत निघाला आणि त्याचं रत्नजडित पदक जनीकडे राहिलं. सकाळी चोरीचा आळ कुणावर आला? जनीवर. तिला सुळावर द्यायला नेलं. देव मदतीला आला तरी निस्तरायचं बाईनेच, हे त्या काळच्या माणसांना आमच्यापेक्षा बरं कळत असावं.

वेणीच्या त्या सकाळी खोलीत आम्ही दोघंच नव्हतो, असं मला वाटलं. याहून जास्त बोलणार नाही. पूर्वी मी अशा दोन मिनिटांवर तासभर बोलायचो. वेणी वाकडी झाली होती, रिबीन सुटली. ती म्हणाली, "राहू द्या, चांगली झालीय." आवाज जरा वेगळा होता. मला भरून आलं आणि माझ्यातला प्रवचनकार लगेच जागा झाला. मी म्हणालो, "इतकी वर्षं माझ्या घरात तूच विठ्ठल होऊन राबलीस गं."

तिने मान वळवून बघितलं. "विठ्ठलाला अठ्ठावीस युगं खाली बसू दिलेलं नाही लोकांनी. मला नका ते नाव देऊ. उद्यापासून सकाळचा चहा तुम्ही करा, प्लास्टर निघाल्यावरसुद्धा."

म्हणजे बाईला देवी म्हणून कामाला जुंपायची युक्तीही माझ्याजवळ तयारच होती. ती तिने तिथल्या तिथे मोडली.

प्लास्टर निघालं. मनगट अजून थंडीत दुखतं, परात उचलवत नाही. चहा, भांडी, पाणी भरणं आणि बारशीच्या पहाटेचा कुकर माझ्याकडे. भाकरी तीच करते, माझ्या हातच्या तिला आवडत नाहीत आणि त्याबद्दल ती भीडभाड ठेवत नाही. काम मला आवडतं असं अजिबात नाही. बहुतेक दिवशी मोरीत मोरीच असते. महिन्यातून एखादे वेळी, तांदूळ धुताना किंवा तिच्या गोळ्या डबीत भरताना, मघाशी म्हटलं तसं काहीतरी होतं आणि मी मान वर करेपर्यंत गेलेलं असतं. पूर्वी देवघरात दीड तास बसून असं कधी झालं नव्हतं. सहस्रनाम सोडलेलं नाही. दार मात्र उघडं ठेवतो, आणि दोनदा मधेच उठून गेलो. एकदा खरंच काही पडलं होतं. एकदा मांजर होतं.

लेकीने फोनवर ओव्या ऐकवल्या. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी खेडोपाडी हिंडून बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या काही. त्या बायकांचा विठ्ठल माझ्या प्रवचनातल्या विठ्ठलाहून फार वेगळा आहे. तो त्यांचा सोयरा आहे, भाऊ आहे, त्याच्यापाशी सासूची कागाळी करता येते. काम हीच पूजा असं तो त्यांना शिकवत नाही. तो ऐकतो. मी या बायकांना घरकामातला देव शिकवायला निघालो होतो.

चार महिने प्रवचन बंद ठेवलं, हिच्या हाताचं निमित्त सांगून. मग चैत्री एकादशीला पुन्हा बसलो. जनाबाईच घेतली, आणि यावेळी बोललो ते मागे भिंतीला टेकून बसलेल्या पुरुषांकडे बघत. पहाटेचा आवाज, उरलेली नावं, सगळं सांगितलं. सभामंडप गप्प होता. पुरुषांतले दोघं-तिघं उठून गेले; एक जण नंतर म्हणाला, "महाराज, असलं घरचं देवळात नका आणत जाऊ." एकाने घरी जाऊन भांडी घासली असं त्याच्या बायकोने हिला सांगितलं. एकच दिवस.

प्रसाद वाटून झाल्यावर दुसऱ्या रांगेतल्या आजी खांबाला धरून उठल्या आणि माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, पाया पडायला येतायत. म्हणाल्या, "महाराज, आज तुम्ही लई मोठ्यानं बोललात. डोळाच लागला नाही."

मी म्हणालो, "आजी, तुम्ही ध्यान लावता ना?"

"कशाचं ध्यान, बाबा. झोपते मी. घरी दोन सुना, पाच नातवंडं, दिवसभर कुणी टेकू देत नाही. देवळात निघाले म्हटलं की कुणी अडवत नाही. अकरा वर्षं झाली, तेवढीच एकादशीला झोप मिळते बघा."

तेव्हापासून बोलता बोलता माझी नजर खांबाकडे जाते. आजींचे डोळे मिटले की मी माइक जरा बाजूला सारतो आणि आवाज खाली आणतो.